मदत हवी आहे : स्कॅरिफिकेटरचे दाते जुळत नाहीत

तुंबडी लावण्याआधी एका झटक्यात कातडीवर चिरा पाडणारी ही पितळी पेटी. 19 व्या शतकातली, इंग्रजी, अष्टकोनी. 12 पाती, दोन आसांवर सहा-सहा, आसांना दातेरी चाकं. वरची दांडी ओढली की स्प्रिंग ताणली जाते, खटका दाबला की पाती अर्धवर्तुळ फिरून पुन्हा आत जातात.

प्रदर्शनासाठी सफाई करून जोडल्यावर, दांडी ताणलेली असताना एका आसाची सहाही पाती जेमतेम 1 मिमी बाहेर दिसतात. दुसऱ्याची पूर्ण आत. एक दाता मागे घेतला तर ताणल्यावर पाती आत राहतात, पण खटका सुटल्यावर बाहेरच थांबतात. चिरा किती खोल जाईल ते ठरवणारा स्क्रू सगळ्यात कमी खोलीवर आहे. दाते झिजलेले नाहीत, पाती सरळ आहेत, स्प्रिंग जोरदार.

कानस लावायची नाही, नवा भाग घालायचा नाही. अमोनियाचं पॉलिशही नको, ताणाखालच्या पितळेला त्याने तडे जातात. पात्यांवर जुनं रक्त असू शकतं म्हणून हातमोजे घालूनच काम चालू आहे.

दाते जुळवताना स्प्रिंग सैल ठेवायची की ताणलेली? आणि डावा-उजवा आस अदलाबदल झाला तर नेमकं असंच होतं का?