पंप बसवणं सोपं, तो चालू ठेवणं अवघड

परदेशातल्या गरीब खेड्यात स्वयंसेवक म्हणून तीन आठवडे जाऊन शाळेला रंग देण्यापेक्षा वर्गणी काढून त्या गावाला हातपंप बसवून द्यावा, असं काही जण सुचवतात. हा मुद्दा मला निम्माच पटला. पंपासाठी पैसे जमतात हो. तो बंद पडला की कुणी फिरकत नाही. युगांडाच्या खेड्यांत कामाला असताना हेच पाहिलं. तिथे जागोजागी दिसणारा 'यू-टू' पंप म्हणजे आपला इंडिया मार्क-२ हातपंप, ज्याचं मूळ जालना-सोलापूरकडच्या पंपांत आहे. दणकट आहे, पण आतला वायसर झिजला की तिपाई उभारून सगळे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. पाणी आम्लधर्मी असेल तर हे पाइप आतून गंजतात, पाणी तांबूस येतं, त्याला लोखंडाची चव लागते आणि बायका पुन्हा ओढ्यावर जातात.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीने सांगते, आधी त्या भागातल्या पंप मेकॅनिकला गाठा. सब-काउंटी (जिल्ह्याखालचा छोटा प्रशासकीय भाग) पातळीवर अशी माणसं असतात आणि कुठला पंप कशाने बंद आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. नव्या बोअरवेलऐवजी स्टेनलेस स्टीलचे पाइप, सुटे भाग आणि त्यांची मजुरी यांवर खर्च करा.