कार्यालयाचे आणि घरचे निरोप वेगळे कसे ठेवावेत? मदत हवी आहे

नमस्कार. कार्यालयाचे काम आणि घरच्यांशी होणारे बोलणे एकाच फोनवर, त्यातही एकाच व्हॉट्सॲपवर चालत असल्यामुळे होणारी ओढाताण कशी कमी करावी, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमच्या विभागात बैठका टीम्सवर होतात, कागदपत्रे ईमेलने येतात-जातात, निर्णय मात्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होतात. एखाद्या मसुद्याखाली साहेबांनी अंगठ्याची इमोजी टाकली की तो मंजूर झाला असे समजून पुढचे काम सुरू होते. काही महिन्यांनी त्या मंजुरीचा पुरावा हवा असतो, तेव्हा तो वाढदिवसाच्या शुभेच्छा, पुष्पगुच्छांची चित्रे आणि असंख्य ‘ओके सर’ यांच्या ढिगाऱ्यात हुडकावा लागतो. मंजुरी ईमेलवरच घ्यावी अशी सूचना मी केली होती. ती सर्वांना पटली आणि पटल्याचे सर्वांनी त्याच ग्रुपवर अंगठे दाखवून कळवले.

घरची अडचण निराळी आहे. आई-वडील स्काइपला सरावले होते, परंतु मे २०२५ मध्ये ती सेवा बंद झाल्यावर त्यांना व्हॉट्सॲपवर आणावे लागले. आईला टाइप करण्यापेक्षा बोलून निरोप पाठवणे सोयीचे वाटते. तिच्या व्हॉइस मेसेजमध्ये आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली येते आणि वडिलांच्या गोळ्या संपत आल्याची मुख्य बाब अगदी शेवटी, ‘बरं, ठेवते आता’च्या जेमतेम आधी येते. बैठक चालू असताना तो ऐकता येत नाही आणि नंतर ऐकू म्हटले तर तो इतर निरोपांखाली कुठे जातो, ते कळत नाही.

कार्यालयाचे ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकून पाहिले. तसे केल्यावर कोणी आपला उल्लेख केला किंवा आपल्या मेसेजला उत्तर दिले तरच सूचना येते, ही सोय उत्तम आहे. मात्र आमच्याकडे कोणी नाव घालून लिहीत नाही. ‘जरा बघून घ्या’ एवढेच लिहितात आणि ते कोणासाठी आहे हे ज्याचे त्याने ओळखायचे असते.

दुसरा क्रमांक घेऊन कार्यालयासाठी स्वतंत्र खाते उघडावे, असा विचार चालू आहे. अँड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन खाती ठेवता येतात, त्यामुळे नवा फोन घ्यावा लागणार नाही. ज्यांनी असे केले आहे त्यांच्याकडे सहकारी खरोखरच नव्या क्रमांकावर वळले का, की जुन्यावरच लिहीत राहिले? संध्याकाळी कार्यालयाचे खाते बंद ठेवणे वरिष्ठांच्या गळी कसे उतरवले? मंजुरीची नोंद राहावी म्हणून ग्रुपवर ठरलेली गोष्ट लगेच ईमेलने कळवण्याचा प्रघात कोणी पाडला असेल, तर त्या ईमेलचा मजकूर साधारण कसा असतो, हेही वाचायला आवडेल.

मराठी व्हॉइस मेसेजचे बऱ्यापैकी अचूक लेखी रूपांतर करणारी एखादी सोय कोणी नियमित वापरत असल्यास अवश्य सांगावे. आई-वडिलांना पुन्हा नवे ॲप शिकवावे लागेल असे उपाय शक्यतो नकोत. आहे त्यातच व्हिडिओ कॉल उचलताना त्यांचा अजून गोंधळ उडतो.