संमिश्र पदार्थांचे डिझाइन-आकडे प्रत्येकाने स्वतंत्र काढायचे, की सामायिक माहिती उभारता येईल?

प्रश्न – मोल्डशॉप, भोसरी

नमस्कार. भोसरीत आमचे नऊ माणसांचे वर्कशॉप आहे. बरीच वर्षे आम्ही ग्लास फायबरची कव्हरे आणि टाक्या करत आलो. गेल्या वर्षीपासून कार्बन फायबरच्या प्रीप्रेगमधून (रेझिन, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणारी राळ, आधीच मुरवलेल्या फायबरच्या थरांमधून) एका मानवरहित विमानाचे पंख करायला घेतले आहेत. परवा ग्राहकाकडच्या स्ट्रेस इंजिनिअरसमोर मी प्रीप्रेग पुरवठादाराचे डेटाशीट ठेवले. त्यांनी टेन्साइल स्ट्रेंग्थच्या आकड्यावर बोट ठेवून विचारले, "ही सरासरी झाली, बी-बेसिस मूल्य कुठे आहे? आणि ज्या पॅनेलवरून हा आकडा काढला, ते कोणी आणि कोणत्या क्युअर सायकलने (रेझिन घट्ट करण्याच्या तापमान-दाब-वेळेच्या क्रमाने) केले होते?" दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

ॲल्युमिनियमचे काम करताना हँडबुक उघडायचे, मिश्रधातू आणि टेंपर (धातूला दिलेला कडकपणाचा दर्जा) पाहायचा आणि आकडा उचलायचा, अशी आम्हाला सवय आहे. फायबर आणि रेझिन मिळून होणाऱ्या संमिश्र पदार्थांसाठी असे हँडबुक नाही का? असेल, तर छोट्या वर्कशॉपला त्यातले आकडे वापरता येतात का? शिवाय पुणे, नाशिक आणि गोवा या पट्ट्यात आमच्यासारखी आणखी वर्कशॉप आहेत. दहा जणांनी तीच चाचणी दहा वेळा करण्यापेक्षा एकाच प्रीप्रेगची चाचणी सर्वांनी मिळून करावी आणि आकडे वाटून घ्यावेत, हे शक्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ – निवृत्त परीक्षक

माझे आयुष्य चाचणी-प्रयोगशाळेत कूपन (चाचणीसाठी कापलेले छोटे नमुने) तोडण्यात गेले, त्यामुळे आधी आकड्यांविषयी लिहितो.

बी-बेसिस मूल्य म्हणजे असा आकडा, की एकूण नगांपैकी किमान ९० टक्के नग त्याच्या वर टिकतील असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. ए-बेसिसमध्ये विश्वास तोच, पण टिकणारे नग ९९ टक्के. ज्या भागाच्या एकट्याच्या मोडण्याने विमान जाऊ शकते, तिथे ए-बेसिस. भार दुसऱ्या वाटेने जाऊ शकत असेल, तर बी-बेसिस चालते.

कमी कूपनांवर भागवण्याची किंमत किती, हे उदाहरणाने पाहा. समजा सरासरी ६०० मेगापास्कल आली आणि प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) ३६ आले. पाचच कूपन तोडली असतील, तर सरासरीतून विचलनाच्या ३.४०७ पट वजा करावे लागतात आणि बी-बेसिस ४७७ वर येते. तीस कूपन असतील, तर वजाबाकी १.७७७ पटीची होते आणि आकडा ५३६ राहतो. पदार्थ तोच आणि यंत्र तेच असताना, केवळ पुरेशा चाचण्या न केल्यामुळे तुम्ही सुमारे ६० मेगापास्कल गमावता आणि त्याची भरपाई म्हणून पंखात जास्तीचे थर, म्हणजेच वजन, घालता. हे गणित सर्व कूपन एकाच स्वभावाची आहेत असे धरून केले आहे. बॅच-बॅचमध्ये फरक निघाला, तर पद्धत बदलते आणि आकडा आणखी खाली जाऊ शकतो.

आता हँडबुकविषयी. तुम्ही म्हणता तसे हँडबुक आहे. अमेरिकी लष्कराचे मिल-हँडबुक-१७ पुढे सीएमएच-१७ झाले, आणि त्याचे सहा खंड आहेत. त्यात आकडे आहेतच, पण माझ्या मते त्याचा पहिला खंड अधिक मोलाचा आहे, कारण आकडे कसे काढावेत हे तो सांगतो. त्याच्या किमान पातळीच्या बी-बेसिससाठी तीन बॅच आणि १८ कूपन लागतात. भक्कम पातळीसाठी पाच बॅच आणि ३० कूपन. भक्कम ए-बेसिस हवे असेल, तर दहा बॅच आणि ७५ कूपन. आणि हा हिशेब एका गुणधर्माचा, एका तापमान-आर्द्रतेच्या स्थितीतला आहे. ताण, दाब, कातर (थर एकमेकांवरून सरकवणारा भार), छिद्र पाडलेल्या कूपनाचा दाब, हे सगळे थंड-कोरड्या, साध्या आणि उष्ण-ओल्या स्थितीत करायचे म्हटले, की कूपनांची संख्या शेकड्यांत जाते. एकट्या वर्कशॉपला हा खर्च पेलत नाही, हे तुमचे म्हणणे अगदी खरे आहे.

प्रतिसाद २ – विचिटाहून

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कॅन्ससमधील विचिटा येथे याच क्षेत्रात काम करतो. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला वेगळ्या जागी दिसतो.

ॲल्युमिनियमची शीट गिरणीतून तिचे सामर्थ्य घेऊनच येते. तुम्ही ती कापता, वाकवता, भोके पाडता. प्रीप्रेगचा रोल येतो तेव्हा लॅमिनेट (थर एकजीव होऊन बनणारा पदार्थ) अजून जन्माला आलेले नसते. ते तुमच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवणाऱ्या भट्टीत) किंवा ओव्हनमध्ये, तुमच्या माणसांच्या हातून, तुमच्या व्हॅक्यूम बॅगखाली तयार होते. म्हणून धातूच्या हँडबुकातला आकडा उचलता येतो, तसा संमिश्राचा उचलता येत नाही. त्या आकड्यासोबत प्रक्रियाही उचलावी लागते, आणि आपल्याला ती तशीच जमते हे सिद्ध करावे लागते.

अमेरिकेत १९९० च्या दशकात छोटी विमाने बनवणाऱ्यांची अडचण नेमकी तुमच्यासारखी होती. एकच प्रीप्रेग प्रत्येक कंपनी स्वतःच्या पैशाने पुन्हा पहिल्यापासून तपासत असे. नासाच्या 'एगेट' या कार्यक्रमातून सामायिक माहितीची पद्धत पुढे आली आणि नंतर विचिटा स्टेट विद्यापीठातल्या विमानन संशोधन संस्थेत 'एनकॅम्प' हे केंद्र उभे राहिले. कामाची रीत अशी, की प्रीप्रेगसाठी एक पदार्थ-विनिर्देश (काय कसे असावे याचे लेखी नियमपत्र) आणि क्युअरसाठी एक प्रक्रिया-विनिर्देश लिहायचा. चाचणीचा आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा. तीन बॅच, प्रत्येक बॅचचे दोन स्वतंत्र क्युअर आणि प्रत्येक पॅनेलमधून तीन कूपन, अशी अठरा कूपन तोडायची. आणि निकाल सर्वांना खुले करायचे. अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेने ही पद्धत २०१० मध्ये आणि युरोपच्या ईएएसए या तशाच संस्थेने २०१४ मध्ये मान्य केली. हेक्सेलच्या ८५५२ रेझिनमधल्या कार्बन प्रीप्रेगांसह अनेक पदार्थांचे अहवाल आज कोणालाही मोफत उतरवून घेता येतात.

ते वापरण्यासाठी तुम्हाला अठरा कूपनांचा घाट पुन्हा घालावा लागत नाही. एक बॅच घ्यायची, दोन वेगवेगळ्या क्युअरची पॅनेले करायची, सामर्थ्यासाठी आठ कूपन आणि ताठरतेसाठी चार कूपन तोडायची, आणि तुमचे आकडे मूळ आकड्यांशी सांख्यिकीच्या कसोटीवर जुळतात हे दाखवायचे. याला समतुल्यता म्हणतात. मात्र समतुल्यता ठरते ती त्याच प्रक्रिया-विनिर्देशाखाली. मूळ पॅनेले ऑटोक्लेव्हमध्ये १८० अंशांवर सुमारे सात बार दाबाने झाली असतील आणि तुम्ही ओव्हनमध्ये नुसत्या व्हॅक्यूमवर करत असाल, तर त्या अहवालातला आकडा तुमचा नाही.

तुमच्या ग्राहकाचे विमान लष्करी असेल तर सेमिलॅक, नागरी असेल तर डीजीसीए, या मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थांशी ग्राहकामार्फत आराखड्यावर आधीच बोलून घ्या. कूपन तोडून झाल्यावर मान्यता मागणे फार महाग पडते.

प्रतिसाद ३ – तंतू आणि रेझिन, गोवा

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. सामायिक माहितीत आकड्यासोबत काय काय लिहिले पाहिजे, याविषयी माझा एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या वर्कशॉपमध्ये होतो, तिथे ऐन जुलैत एका पॅनेलच्या कूपनांची शॉर्ट-बीम स्ट्रेंग्थ (आखूड कूपन वाकवून मोजलेली थरांमधली बळकटी) अचानक घसरली. प्रीप्रेगची बॅच तीच, ऑटोक्लेव्हचा आलेख स्वच्छ. शोध घेता घेता कळले, की उणे १८ अंशांच्या फ्रीजरमधून काढलेल्या रोलची पिशवी, रोल खोलीच्या तापमानाला येण्याआधीच उघडली गेली होती. कोकणातल्या पावसाळी हवेत थंड प्रीप्रेगवर पाणी धरले आणि ते थरांच्या मध्ये राहून क्युअरमध्ये पोकळ्या करून गेले. सूक्ष्मदर्शकाखाली कापाच्या कडेला त्या काळ्या ठिपक्यांसारख्या स्पष्ट दिसत होत्या. तो निकाल फक्त एक संख्या म्हणून नोंदवला असता, तर ती बॅच वाईट ठरली असती.

म्हणून सामायिक तक्त्यात प्रत्येक कूपनापुढे बॅच क्रमांक, पॅनेल क्रमांक, रोल फ्रीजरबाहेर एकूण किती तास होता, ले-अपच्या (थर रचण्याच्या) खोलीची आर्द्रता, क्युअरचा मूळ आलेख आणि तुटण्याचा प्रकार हे सर्व असले पाहिजे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. एएसटीएम डी ३०३९ या ताण-चाचणीच्या मानकात तुटण्याच्या प्रकाराला तीन अक्षरी संकेत आहे. कूपन मधोमध तुटले की टॅबच्या (पकडीसाठी टोकांना चिकटवलेल्या पट्टीच्या) कडेला, हे त्यावरून कळते. टॅबमध्ये तुटलेल्या कूपनाचा आकडा पुष्कळदा पदार्थाचा नसून पकडीचा असतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – मोल्डशॉप, भोसरी

सर्वांचे मनापासून आभार. विचिटाहून लिहिणाऱ्यांनी ओव्हनचा मुद्दा काढला तो माझ्याच बाबतीतला आहे, कारण आमच्याकडे ऑटोक्लेव्ह नाही. मागे एका प्रयोगशाळेतून पाच कूपन तोडून घेतली होती. सरासरी ७०२ मेगापास्कल आली. फायबरचे प्रमाण आकारमानाने ५२ टक्के निघाले. डेटाशीटवरचा आकडा ६० टक्क्यांसाठी लिहिला आहे आणि तो बराच वर आहे. ही तुलना योग्य आहे का?

प्रतिसाद ४ – निवृत्त परीक्षक

थेट तुलना योग्य नाही. शून्य अंशाच्या ताणात भार फायबर घेते, म्हणून ७०२ ला ६० ने गुणून ५२ ने भागा, ८१० येतील. त्या आकड्याची तुलना डेटाशीटशी करा. कातर किंवा शॉर्ट-बीमसारख्या रेझिनवर अवलंबून असलेल्या गुणधर्मांना हा गुणाकार लावू नये.

येथे एक धोका आहे, आणि चांगल्या इंजिनिअरांच्या हातूनही तो घडलेला मी पाहिला आहे. ६० टक्क्यांवर आणलेले सामर्थ्य घ्यायचे असेल, तर गणितात थराची जाडीही ६० टक्क्यांचीच घ्यावी लागते. तुमचा थर जास्त रेझिनमुळे जाड आहे. ८१० हा आकडा आणि कॅलिपरने मोजलेली जास्तीची जाडी, ही दोन्ही एकत्र धरली, तर पंख कागदावर सुमारे १५ टक्के जास्त बळकट दिसेल. सामायिक तक्त्यात प्रत्येक रकान्यावर 'मोजलेला' की '६० टक्क्यांवर आणलेला' हे लिहिणे मी सक्तीचे करीन.

तुम्हा दहा वर्कशॉपांच्या कल्पनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण सुरुवात आकड्यांपासून करू नका. ओव्हनमध्ये, केवळ व्हॅक्यूमवर क्युअर होण्यासाठीच बनवलेले एक प्रीप्रेग सर्वानुमते निवडा आणि त्याचा एकच प्रक्रिया-विनिर्देश मराठीत, कामगाराला वाचता येईल असा लिहा. मग प्रत्येकाने त्यानुसार चार मिलिमीटर जाडीचे एकेक पॅनेल करावे. त्यातून २४ मिलिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर रुंद अशी सहा शॉर्ट-बीम कूपन कापावीत, आधारांमधले अंतर १६ मिलिमीटर ठेवावे, आणि सगळी कूपन एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर तोडावीत. ही चाचणी डिझाइनचा आकडा देत नाही, पण कोणाचा हात वेगळा पडतो ते स्वस्तात दाखवते. दहाही पॅनेले एका पट्ट्यात बसली, तरच तीन बॅचच्या मोठ्या चाचणीसाठी वर्गणी काढा. एखादे बाहेर राहिले, तर आधी त्या वर्कशॉपचा फ्रीजर, व्हॅक्यूम पंप आणि थर्मोकपल तपासा. या पहिल्या फेरीचा तक्ता मांडायला मी विनामूल्य मदत करीन.