नुनावुतमध्ये चार वर्षं राहून शिकलात काय?

टँकरची_लेक:
'आर्क्टिकमधली माझी चार वर्षं' ही पोस्ट वाचली आणि रात्रपाळीचा चहा हातातच गार झाला. लेखक हिशेबनीस, नोकरी कॅनडाच्या उत्तर टोकाच्या नुनावुत प्रदेशात, बाफिन बेटावर, पगार भरघोस, घर सरकारी. तक्रारी अशा: लोकांना शिस्त नाही, हवा उघडली की शिकारीला पळतात, काही विचारलं तर तोंडातून शब्द नाही.

शेवटचीपासून सुरू करते. मी त्याच बेटावर नर्स आहे, सहावं वर्ष. पहिल्याच आठवड्यात एका आजींना विचारलं, रात्री दुखतं का? गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा आवाज चढवला तर बाजूला बसलेली नात खुदकन हसली. आजी तिन्ही वेळा भुवया उंचावून 'हो' म्हणाल्या होत्या. नाक मुरडलं की 'नाही'. साहेब, चार वर्षं लोक तुम्हाला उत्तरं देत होते. तुम्ही कागदातून मान वर काढली नाहीत.

आणि शिकार म्हणजे सहल नव्हे. तुमची ढोबळी मिरची विमानाने येते, तिचा भाव तुम्हीच रडत लिहिलाय. इथे एक सील आला की चार घरं जेवतात. जमिनीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर गोठलेला मासा, आणि विळीच्या पात्याला मूठ बसवावी तसा उलू. मलाही बोलावतात. तुम्हाला कोणी कधी बोलावलं का?

हिशेबनीस:
ताई, पोस्ट माझीच. आजीबाईंच्या गोष्टी सांगून टाळ्या मिळवणं सोपं असतं. पगार वेळेवर झाले नाहीत तर बोंब माझ्या नावाने होते, आणि दोन्ही मदतनीस वसंतात गायब. वादळात तीन तीन दिवस पाण्याचा टँकर नाही. आपल्यासारखे गेले नाहीत तर तिथे जातंय कोण? 2021 च्या उन्हाळ्यात नर्स नाहीत म्हणून काही आरोग्य केंद्रं बंद ठेवावी लागली, हे तुम्हाला मी सांगायचं?

टँकरची_लेक:
मी लातूरची. टँकरचं मला नका सांगू.
इनुइट म्हणजे इथले मूळ रहिवासी. त्यांच्या आणि कॅनडा सरकारच्या 1993 च्या करारातलं कलम 23 काय सांगतं? नुनावुतमधल्या सरकारी नोकऱ्यांत इनुइट लोक वस्तीच्या प्रमाणात हवेत. वस्तीत ते साधारण 85 टक्के, नोकऱ्यांत निम्म्याच्या आसपास. त्या दोघा मदतनिसांना तुमच्या खुर्चीपर्यंत आणायला काय केलंत? आपल्याला नोकरीबरोबर घर मिळतं. माझ्या शेजारी तीन पिढ्या, अकरा माणसं, झोपायला पाळ्या. आणि मी तिथे जाऊन क्षयरोगाच्या गोळ्या वाटते.

पुणेरी_कट्टा:
मूलभूत प्रश्न. उणे 40 मध्ये राहायचंच कशाला? 25 गावं, एकातून दुसऱ्यात जायला रस्ता नाही. दक्षिणेत या, खर्च वाचेल.

कोपऱ्यातला_बाक:
पुणेरी, 1953 माहीत आहे का? क्वेबेकमधल्या इनुकजुआकहून कुटुंबं उचलली आणि सरकारनेच दोनेक हजार किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्डला नेऊन सोडली. पटलं नाही तर दोन वर्षांनी परत आणू म्हणाले. माफी मागितली 2010 मध्ये. तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. तुमचा प्रश्न म्हणजे कोयनेच्या धरणग्रस्तांना 'गाव का सोडलंत' विचारण्यातला प्रकार झाला.

हिशेबनीस:
इतिहास मान्य. पण आता 'भाषा का नाही शिकलात' असंही येईल, म्हणून आधीच सांगतो. ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत. इनुइटांची इनुक्टिटुट शिकून उपयोग काय?

दादरचा_पाऊस:
थांबा थांबा. 'अंधेरीत वीस वर्षं राहून मराठी येत नाही' म्हणून शेजाऱ्यावर गेल्या महिन्यात भलीमोठी पोस्ट टाकणारे तुम्हीच ना? 'शिकून उपयोग काय' हे त्या शेजाऱ्याचं वाक्य होतं!

हिशेबनीस:
तुलनाच चूक. मुंबई आपली आहे.

दादरचा_पाऊस:
आणि नुनावुत? त्या नावाचा अर्थच 'आपली भूमी'.

वऱ्हाडी_ठेचा:
मी अकरा वर्षं बंगळुरात. कन्नड 'स्वल्प स्वल्प'. भाजीवालाच हिंदीत बोलतो, मी काय करू?

पुणेरी_कट्टा:
म्हणूनच तिथले लोक चिडतात.

वऱ्हाडी_ठेचा:
तुम्ही तर बोलूच नका. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत 'काम करून राहिलो' म्हणालो, तर पूर्ण ऑफिस महिनाभर 'चहा पिऊन राहिलो, जेवून राहिलो' करत होतं. मराठीच बोलत होतो ना मी? शेवटी कॅन्टीनमध्ये एकटा बसायला लागलो.

पुणेरी_कट्टा:
गंमत केली असेल. इतकं काय मनावर घ्यायचं!

वऱ्हाडी_ठेचा:
बारा वर्षं झाली. अजून पुण्यात तोंड उघडताना आधी वाक्य तपासतो.

दादरचा_पाऊस:
बर्फातला धागा नागपुरी उन्हात वाळत पडलाय. मी पापड घेऊन बसलोय.

हिशेबनीस:
बरं, चुकलो. थोर चुकलो. उद्यापासून प्रत्येकाच्या भुवया न्याहाळत हिंडतो. कुयान्नामीक, म्हणजे त्यांच्या भाषेत धन्यवाद. झालं समाधान?

टँकरची_लेक:
'क' घशातून येऊ द्या. आणि मदतनिसांचं उत्तर राहिलंच.

हिशेबनीस:
एकीला शिकवलं. वर्षभर, रोज संध्याकाळी. हुशार होती. खाणीवाल्यांनी दीडपट पगार दिला, गेली. परत कोणाला शिकवायला बसलो नाही.

टँकरची_लेक:
हे पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी इतकी चिडले नसते.

हिशेबनीस:
चिडलाच असतात.

टँकरची_लेक:
हो. जरा कमी.

नवा_भिडू:
भांडणात पडत नाही. मला नुनावुतच्या राजधानीतून, इकालुइटहून, नोकरीचं पत्र आलंय. तूरडाळ मिळते का तिथे?

टँकरची_लेक:
डाळीचं नंतर. घराचं लेखी घ्या आधी.

हिशेबनीस:
मालाचं जहाज फक्त उन्हाळ्यात येतं, ऑर्डर त्याच्या बरीच आधी द्यावी लागते. डाळ-तांदूळ वर्षाचे एकदम मागवा. हिंग मात्र स्वतःच्या बॅगेत न्या.