मोटारवाल्या दुर्बिणीला कुठला अ‍ॅडॅप्टर लावू? जळायला नको

रात्रपाळी:
वापरलेली गोटू दुर्बीण (तारा निवडला की मोटारीने आपोआप तिकडे वळणारी) घेतलीये, सोबत अ‍ॅडॅप्टर आला नाही. सध्या ८ पेन्सिल सेलच्या डबीवर चालवतोय पण एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जोरात फिरायला लागली की हॅण्ड कंट्रोलर मधेच बंद होऊन परत चालू होतो आणि अलाइनमेंट (ओळखीचे तारे दाखवून दुर्बिणीला दिशा शिकवणं) पुन्हा पहिल्यापासून, काल तीनदा केली मग वैतागून झोपलो. माउंटवर (दुर्बिणीचा मोटारवाला स्टँड) १२ व्होल्ट डीसी लिहिलंय. घरात तीन अ‍ॅडॅप्टर पडलेत, राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअर, एक जुना १२ व्होल्ट ५ अँपिअर आणि लॅपटॉपचा १९ व्होल्टचा. ५ अँपिअरवाला लावला तर एवढ्या करंटने मोटार जळेल का?

तारेवरची_कसरत:
नाही जळणार. व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात, कारण माउंट स्वतःला लागेल तेवढाच करंट ओढतो, अ‍ॅडॅप्टर काही बळजबरीने आत ढकलत नाही. उलट राउटरवाला लावलास तर आत्ताचीच रड परत. नुसता ताऱ्याचा माग काढताना करंट कमी लागतो, पण दोन्ही मोटारी एकदम फुल स्पीडला पळाल्या की तो वाढतो, छोटा अ‍ॅडॅप्टर दम टाकतो, व्होल्टेज पडलं की कंट्रोलर रिसेट. तुझ्या सेलचंही तेच होतंय, त्यात थंडीत सेल अजून लवकर मान टाकतात.
१९ व्होल्टवाला मात्र कपाटात कुलूप लावून ठेव, अंधारात चुकून तोच हाताला लागतो.

जुना_वायरमन:
वरचं बरोबर आहे पण "१२ व्होल्ट लिहिलंय" यावर विसंबून राहू नका. ट्रान्सफॉर्मरवाले जड, जुने, अनरेग्युलेटेड (व्होल्ट स्थिर न ठेवणारे) अ‍ॅडॅप्टर असतात ना, त्यावर १२ लिहिलेलं असतं आणि लोड नसताना मीटर १६-१७ दाखवतो. आधी मल्टिमीटर लावा मगच दुर्बीण. आणि पिनची पोलॅरिटी बघा, बहुतेक माउंटना मधलं टोक प्लस आणि बाहेरची नळी मायनस लागते, सॉकेटपाशी किंवा मॅन्युअलमध्ये गोलाचं चित्र असतं ते जुळवा. मी आयुष्यभर लोकांना प्लस मायनस शिकवलं आणि स्वतःच्या माउंटला घाईत उलटी वायर जोडली. बोर्ड गेला. ग्रहण होतं त्या रात्री, बायको अजून काढते तो विषय.

दवबिंदू:
व्होल्ट अँपिअर ठीक आहे पण तू बघणार कुठून, घरातून की उघड्यावर? पहाटे दुर्बिणीवरून दव अक्षरशः ठिबकतं. अशात २३० व्होल्टचं एक्स्टेंशन गवतात टाकून त्यावर अ‍ॅडॅप्टर ठेवणं मला तरी धाडसाचं वाटतं. करायचंच असेल तर लाइनवर आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवा, आणि अ‍ॅडॅप्टर घरातच ठेवून बाहेर फक्त १२ व्होल्टची वायर आणायची. ती वायर जाड घ्या. ५ मीटर लांब ०.५ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर ३ अँपिअरला जवळपास १ व्होल्ट वायरच खाते, १.५ची घेतली तर साधारण ०.३५.
मी स्वतः बॅटरीच वापरतो, १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) सीलबंद लेड अ‍ॅसिड. निम्म्याच्या खाली उतरवत नाही, म्हणजे सरासरी १ अँपिअर धरला तर तीन-साडेतीन तास. ड्यू हीटर (भिंगावर दव जमू नये म्हणून लावायची गरम पट्टी) लावलात तर हिशोब कोलमडतो, तो मोटारीपेक्षा जास्त पितो. प्लसच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज टाकायचा, हे टाळू नका, छोटी बॅटरी असली तरी शॉर्ट झाली तर वायर लाल होते.

रात्रपाळी:
खूप आभार सगळ्यांचे 🙏 मीटर लावला. ५ अँपिअरवाला १२.१ दाखवतोय, मधला प्लस. पण पिन सैल बसते, जरा हात लागला की दिवा जातो. आणि एक मित्र चार लिथियम सेल सिरीजमध्ये लावून पॅक देतो म्हणतोय, १४.८ व्होल्टचा, तो चालेल?

जुना_वायरमन:
पिन सैल म्हणजे ती ५.५ × २.५ची (बाहेरून ५.५, आतून २.५ मिमी) असणार आणि तुझं सॉकेट २.१चं. आत जाते, पण मधल्या दांडीला धड टेकत नाही. वायर कापून २.१ची चांगली पिन डाखून घे, डाखल्यावर पोलॅरिटी परत मीटरने बघ. दुर्बीण फिरते तशी वायर ओढली जाते, म्हणून थोडी ढील ठेवून ट्रायपॉडच्या पायाला बांधून टाक.

तारेवरची_कसरत:
तो १४.८वाला पॅक फुल चार्ज झाला की १६.८ होतो, तुझ्या मॅन्युअलमध्ये कमाल किती लिहिलंय ते बघ, बऱ्याच माउंटना १५-१६च्या वर चालत नाही. मित्राला सांग मधे १२ व्होल्टचा रेग्युलेटर टाकून दे, नाहीतर तुझ्या आधी त्याच्या दुर्बिणीवर ट्राय करू दे 😄

रात्रपाळी:
त्याच्याकडे दुर्बीण नाहीये, म्हणूनच एवढा उत्साह आहे वाटतं. पिन उद्या बदलतो.