माणूस नाही म्हणून गाडी रद्द : तुमचे अनुभव लिहा

पाऊस, सिग्नल, तुटलेली ओव्हरहेड वायर यांवर आपण भरपूर बोलून झालोय. पण गाडी धडधाकट, रूळ मोकळा, वीज चालू आणि चालवायला माणूस नाही, हा प्रकार वाढत चाललाय आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. लोकल, मेट्रो, ट्राम, काहीही चालेल. प्रवासी लिहाच, पण आतल्या लोकांनी जरूर लिहा. स्वतःच्या अनुभवात शहराचं किंवा कंपनीचं नाव नको, काहींच्या नोकऱ्या आहेत. बातम्यांत येऊन गेलेलं मात्र नावानिशी लिहायला हरकत नाही.

रातराणी

मी नर्स आहे. गर्दीच्या वेळच्या गाड्या सहसा शाबूत राहतात, कात्री लागते ती रात्री उशिराच्या आणि रविवारच्या गाड्यांना. म्हणजे नेमक्या आमच्यासारख्यांच्या. गाडी रद्द होण्यापेक्षा ती सुटायच्या पाच मिनिटं आधी रद्द झाल्याचं कळतं, याचा जास्त संताप येतो. आदल्या दिवशी कळलं तर मी पाळी बदलून घेईन, कुणाच्या तरी गाडीतून जाईन. मी पोहोचेपर्यंत आधीच्या पाळीतली बाई वॉर्ड सोडू शकत नाही. तिकडचा माणूस कमी पडला की इकडची एक बाई अडकते, हे कुठल्या तक्त्यात येत असेल असं वाटत नाही.

लॉबीवाला

रातराणी, तुमच्या त्या पाच मिनिटांच्या पलीकडच्या बाजूला मी बसायचो. क्रू लॉबीत, मोटरमन आणि गार्डांच्या ड्युट्या लावायला.

लोकांना वाटतं, एक मोटरमन आला नाही तर एक गाडी रद्द. तसं नसतं. एका ड्युटीत चार-पाच फेऱ्या असतात. पहिली फेरी सुटली नाही तर रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, या टोकाला पडून राहतो आणि त्या टोकाला परतीच्या फेरीसाठी साइन ऑन करून, म्हणजे हजेरी लावून, बसलेला माणूस गाडीची वाट बघत राहतो. म्हणजे हजर असलेलाही फुकट. त्यात ड्युटीच्या तासांना मर्यादा आहे, दोन पाळ्यांमध्ये ठरावीक विश्रांती द्यावीच लागते. रात्री गाडी उशिरा पोहोचली की त्या माणसाची सकाळही हातची गेली.

यासाठी स्पेअर ठेवतात, काही न चालवता लॉबीत बसून राहणारी माणसं. खर्चकपातीची फाइल फिरायला लागली की पहिली नजर त्यांच्यावर जाते, कारण कागदावर ते रिकामे दिसतात. ते गेले की रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, फक्त सगळे ठणठणीत असतील त्याच दिवशी पुरं पडतं.

आणि तसा दिवस नसतोच. मग फोन. पहाटे उठून एकेकाला विचारायचं, 'आज सुट्टी आहे ना, येतोस का?' बहुतेक जण यायचे. ओव्हरटाइमचे पैसे मिळतात, शिवाय पोरं भिडेखातर यायची. वर्षानुवर्षं वेळापत्रक असं कुणाच्या तरी साप्ताहिक सुट्टीवर चाललेलं असतं आणि बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. तुटवडा तेव्हाही असतो. फ्लूची साथ आली, वाटाघाटी फिसकटल्या, किंवा लोकांनी नुसतं 'सुट्टीच्या दिवशी नाही येणार' म्हटलं, की एका रात्रीत उघडा पडतो. संप नाही, नियमभंग नाही, माणूस फक्त सुट्टी घेतोय. तरी वर्तमानपत्रात 'कर्मचाऱ्यांची आडमुठी भूमिका'.

दोन_डबे_मागे

इंग्लंडमध्ये बऱ्याच रेल्वे कंपन्यांत तर रविवार ड्रायव्हरच्या ठरलेल्या कामाच्या आठवड्यात धरलेलाच नसतो. रविवारची गाडी म्हणजे स्वखुशीने केलेलं जादा काम. मोठी मॅच असली किंवा ऊन छान पडलं की गाड्या रद्द. मी आधी हसलो होतो, आता लॉबीवाल्यांचं वाचून हसू येत नाही.

शिकाऊ_हात

'मग भरती करा की' म्हणणाऱ्यांसाठी. मी सध्या प्रशिक्षणात आहे. आधी मानसशास्त्रीय चाचणी, तिथेच बरेच गळतात. मग वैद्यकीय, त्यात रंगांची ओळख कडक. मग नियम, सिम्युलेटर, आणि त्यानंतर खऱ्या गाडीवर अनुभवी मोटरमनच्या देखरेखीखाली. ठिकठिकाणी हे काही महिन्यांपासून वर्षाहून अधिक काळ चालतं. आज जाहिरात दिली तर गाडी पुढच्या वर्षी.

गंमत अशी की शिकवणाराही मोटरमनच. तुटवडा वाढला की त्याला शिकवण्यावरून काढून गाडीवर पाठवतात, आणि आमची बॅच खोळंबते. आमच्या बाबतीत हे झालंय.

दुसऱ्या मार्गावरून माणूस उसना आणा म्हणावं, तर तेही जमत नाही. रोड लर्निंग लागतं. चढ-उतार कुठे, वळणाआड सिग्नल कुठला, पावसात या स्टेशनला ब्रेक किती आधी लावायचा, हे त्या मार्गावर फेऱ्या मारूनच अंगात येतं. 'हा मार्ग मला येतो' अशी सही केल्याशिवाय त्या मार्गावर एकट्याला गाडी देत नाहीत, आणि देऊही नये.

बातमीवेडा

यावरून वॉशिंग्टन मेट्रो आठवली. मे २०२२ मध्ये तिथल्या जवळपास निम्म्या ट्रेन ऑपरेटरांचं फेरप्रमाणन, म्हणजे गाडी चालवायच्या पात्रतेची ठरावीक काळाने होणारी फेरतपासणी, वेळेत झालंच नव्हतं, असं बाहेर आलं. सर्वांत जास्त मुदत उलटलेल्या ७२ जणांना ताबडतोब गाडीवरून उतरवलं आणि आधीच लंगडणारं वेळापत्रक आणखी विरळ झालं. माणसं पगारावर होती, पण त्यांना चालवायची परवानगी नव्हती. हाही तुटवडाच.

आणि कुठे कापायचं याचा हिशोब पाहायचा तर न्यूयॉर्क. डिसेंबर २०२१ च्या शेवटी कोविडच्या ओमिक्रॉन लाटेमुळे माणसं घरी बसली, तेव्हा तिथल्या मेट्रोच्या बी, डब्ल्यू आणि झेड या सेवा बंद केल्या. तिन्हींच्या स्टेशनांवर दुसऱ्या सेवा थांबतात, म्हणून कुणी पूर्ण तुटलं नाही. लंडनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये वॉटरलू अँड सिटी लाइन बंद ठेवली. दोनच स्टेशनांची लाइन, आणि तिचे ड्रायव्हर सेंट्रल लाइनच्या कामी आले. निर्णय मला तरी शहाणपणाचे वाटतात. सगळीकडे थोडं थोडं कापून सगळ्यांनाच अनिश्चिततेत ठेवण्यापेक्षा एक गोष्ट सांगून बंद करावी.

चाकखुर्ची

सांगून बंद करा, हे मान्य. पण मला पर्यायी सेवा म्हणजे बऱ्याचदा पायऱ्यांचं स्टेशन.

सगळे मोटरमनबद्दल लिहितायत, फलाटावरच्या माणसाचं काय? गाडीचा आणि फलाटाचा मेळ नसतो, उताराची फळी टाकायला माणूस लागतो. तो नसला की गाडी वेळेवर येऊनही माझ्यापुरती रद्दच. एकदा चढवलं आणि उतरायच्या स्टेशनवर कुणी नव्हतं. दार उघडलं, मिटलं, मी पुढच्या स्टेशनला. त्या दिवशीच्या वक्तशीरपणाच्या आकड्यात ती गाडी नक्कीच वेळेवर धावलेली असेल.

दोन_डबे_मागे

@चाकखुर्ची, लंडनमध्ये भुयारी स्टेशनात किमान कर्मचारी नसतील तर स्टेशनच बंद करतात, गाड्या न थांबता जातात. १८ नोव्हेंबर १९८७ ला किंग्ज क्रॉसला आग लागून ३१ माणसं गेली, त्यानंतर १९८९ मध्ये आलेल्या अग्निसुरक्षा नियमांतून हे आलं. तुमचा प्रश्न याने सुटत नाही, पण फलाटावरचा माणूस शोभेचा नाही हे निदान कायद्याने मानलंय.

स्क्रू_ड्रायव्हर

सरळ ड्रायव्हरविना गाड्या आणा. दिल्लीत मॅजेंटा लाइनवर डिसेंबर २०२० पासून सुरुवात झाली, पॅरिसची लाइन १४ तर १९९८ ला उघडली तीच तशी. विषय संपला.

शिकाऊ_हात

नवी बांधायची असेल तर जरूर. पॅरिसनेच जुनी लाइन १ चालू ठेवून बदलली, त्याला कित्येक वर्षं लागली. फलाटांना दारं, नवी सिग्नल यंत्रणा, नव्या गाड्या. आणि एकाच रुळावर लोकल, मालगाडी, लांब पल्ल्याची गाडी धावत असेल तर आणखीच अवघड. शिवाय कंट्रोल रूम, कारशेड, बंद पडलेल्या गाडीपर्यंत चालत जाणारा माणूस, हे लागतातच. तंत्रज्ञांचा तुटवडा काही कमी नाही.

रातराणी

लॉबीवाले, एक व्यवहारी प्रश्न. रद्द करायची फेरी तुम्ही कशी निवडायचात? मला त्यातली टाळायची आहे.

लॉबीवाला

लागोपाठ दोन कधी नाही. जिच्या मागोमाग दुसरी आहे ती आधी. टोकापर्यंत न जाता मधूनच परत फिरणारी, त्याहून आधी. शेवटची गाडी शक्यतो हात लावायची नाही, कारण त्यातले लोक अडकले की अडकले. पहाटेची पहिली मात्र बेभरवशाची, कारण त्या वेळी कोण आलं आणि कोण नाही हे आम्हालाच नुकतं कळत असतं. तुम्ही दिवसपाळीला पहिलीने जात असाल तर तिच्या आधीची रात्रीची बस असेल ती बघून ठेवा.