संदर्भसूचीत ‘आवृत्ती’ म्हणजे नेमकं काय?

विचारणा

प्रबंधाची संदर्भसूची करते आहे. एक पुस्तक थोडं छापील प्रतीतून वाचलं, थोडं किंडलवर. छापील प्रतीवर ‘पाचवी आवृत्ती’ असं आहे, पण मजकुरात बदल केल्याचा उल्लेख कुठेच नाही. किंडलवर नुसतंच ‘ई-आवृत्ती’. मार्गदर्शकांनी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) पद्धत सांगितली आहे. कंसात काय लिहू? आणि नोंद एक की दोन?

उत्तर

घोळ तुमचा नाही, शब्दाचाच आहे. मजकूर सुधारला, वाढवला की ती ‘आवृत्ती’. तोच मजकूर पुन्हा छापला की खरं म्हणजे ‘पुनर्मुद्रण’, पण आपले प्रकाशक त्यालाही सर्रास ‘आवृत्ती’ म्हणतात. पाचवी आवृत्ती म्हटलं की पुस्तक खपतंय असं दिसतं ना! शिवाय पुस्तकाचं रूप सांगायलाही हाच शब्द: ई-आवृत्ती, जनआवृत्ती.

एपीएच्या नोंदीत कंसातली आवृत्ती येते ती फक्त पहिल्या अर्थाने, तेव्हा ‘ई-आवृत्ती’ लिहू नका. शीर्षकपान उलटून मागचं पान बघा. समजा तिथे असं छापलंय: पहिली आवृत्ती २००४, दुसरी सुधारित आवृत्ती २०११, पुनर्मुद्रण २०१४, २०१७, २०१९. तुमच्या हातात २०१९ची प्रत असली तरी नोंद अशी होईल:

आडनाव, नावाचं आद्याक्षर. (२०११). पुस्तकाचे नाव (दुसरी आवृत्ती). प्रकाशक.

तुमची ‘पाचवी आवृत्ती’ नुसतं पुनर्मुद्रण असेल, तर पहिल्या आवृत्तीचं वर्ष द्या आणि आवृत्तीचा कंस गाळा. प्रकाशनस्थळही लिहू नका. ते एपीएच्या नियमपुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीने काढून टाकलं. जुनी मार्गदर्शक पुस्तिका समोर ठेवून काम करणारे अजून इमानेइतबारे गावाचं नाव लिहितात.

वेगळं मत

रूपाच्या अर्थाने ‘आवृत्ती’ म्हणणं अगदीच चूक म्हणता येणार नाही. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) या दुसऱ्या पद्धतीच्या पुस्तिकेच्या नवव्या आवृत्तीत (२०२१) ई-बुकचा उल्लेख आवृत्तीच्याच जागी करतात. शिकागो या तिसऱ्या पद्धतीत किंडल, ईपब वगैरे ई-बुकचा प्रकार नोंदीच्या शेवटी येतो. तेव्हा ‘ई-आवृत्ती लिहू नका’ हा नियम एपीएपुरता धरा.

पहिलेच उत्तरकर्ते

बरोबर, मी एपीएबद्दलच बोलत होतो. तिथेही सहाव्या आवृत्तीपर्यंत चौकटी कंसात किंडलचा उल्लेख करायचे. २०१९मध्ये आलेल्या सातवीने ती अट काढली: मजकूर तोच असेल तर वाचनयंत्र कुठलं याला महत्त्व नाही. डीओआय (पुस्तकाचा वा लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) असेल तर मात्र तो पूर्ण दुव्याच्या रूपात शेवटी द्यायचा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नोंदीत लागत नाही. पण छापील आणि ई-बुकचा आयएसबीएन वेगवेगळा असतो, त्यामुळे आपण नेमकं काय वाचलं हे ताडून पाहायला तो कामाचा.

एक पुरवणी माझ्या पदरची. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असला तरी अक्षरजुळणी नव्याने केली तर पानं सरकतात. जुन्या खिळ्यांच्या छपाईतलं पुस्तक संगणकावर जुळवलं की पान ११२वरचं वाक्य ९८वर गेलेलं असतं. अशा वेळी प्रबंधात एकदाच, ‘पृष्ठक्रमांक अमुक साली छापलेल्या प्रतीचे’ अशी टीप टाका. नियमात असो नसो, परीक्षक आभारच मानतील.

विचारणा करणारी

म्हणजे मजकूर एकच, तर नोंदही एकच. पण किंडलवर वाचलेल्या भागातल्या अवतरणांना पान कुठलं देऊ? तिथे ‘लोकेशन’ असे चार आकडी नंबर दिसतात.

उत्तर

लोकेशन देऊ नका. एपीए आणि एमएलए दोन्हींचं यावर एकमत आहे. ज्याच्या हातात छापील पुस्तक आहे त्याने लोकेशन २३४१ कुठे शोधायचं? काही ई-बुकांत छापील प्रतीचे पृष्ठक्रमांक घातलेले असतात, ते असले तर खुशाल वापरा. नसले तर प्रकरण आणि परिच्छेद मोजून द्या: (आडनाव, २०११, प्रकरण ३, परिच्छेद ५). मोजायचा कंटाळा येतो, पण अक्षराचा आकार वाढवला तरी परिच्छेद जागचा हलत नाही. तुमच्याकडे छापील प्रत आहेच, तर ती अवतरणं तिच्यात शोधून सरळ पान द्या.

पीडीएफची गोष्ट वेगळी, तिथे पानं पक्की असतात. फक्त पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा घेऊ नका. मुखपृष्ठ आणि प्रस्तावनेची पानं धरून तो पुढे गेलेला असतो. पानावर छापलेला क्रमांक तोच खरा.

आणखी एकाची विचारणा

‘तत्रैव’ (म्हणजे ‘वर दिलेल्याच पुस्तकात’) चालतं का मग?

उत्तर

एपीएत नाही, तिथे दर वेळी आडनाव आणि वर्ष. तळटिपांच्या पद्धतीत चालायचं, पण शिकागोच्या सतराव्या आवृत्तीनेही (२०१७) त्याऐवजी आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक सुचवलं आहे. कारण उघड आहे. मध्ये एक नवी तळटीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं, आणि संगणकावर मजकूर इकडचा तिकडे करताना हे हमखास होतं.

विचारणा करणारी

शेवटचं विचारते, ऑडिओबुक?

उत्तर

एपीएत तोच न्याय: मजकूर तोच असेल तर वेगळा उल्लेख नको. संक्षिप्त करून वाचलेलं असेल, किंवा वाचणाऱ्याच्या आवाजाबद्दल, वाचनशैलीबद्दल तुम्हाला काही म्हणायचं असेल, तर मात्र चौकटी कंसात ‘ऑडिओबुक’ लिहा आणि गोल कंसात वाचून दाखवणाऱ्याचं नाव द्या.